डॉक्टर काय म्हणाल्या

डॉक्टरीणबाईंचा मास्क बराच वेळ हलत होता. आई त्याच्याकडे टक लावून बघत होती. सातव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं वाचायची. पण गेले काही महिने सगळं जग तोंड बांधून बसलं होतं.

मास्क हलायचा थांबला. लेकीनं कागदावर लिहिलं, ‘रिपोर्ट ठीक. थोडा अशक्तपणा. महिनाभर गोळ्या.’

“एवढंच?” आईनं विचारलं. “मग त्या इतका वेळ काय बोलत होत्या?”

लेकीनं खांदे उडवले. तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते आईकडे बघत नव्हते.

आठवड्यापूर्वी तपासणीसाठी रक्त द्यायला दोघी इथेच आल्या होत्या. आईला सुईची धास्ती. ‘हे बघ, काही होत नाही,’ असं खुणावत लेकीनं आधी स्वतःचा दंड पुढे केला होता. मग कुठे आई तयार झाली.

घरी आल्या आल्या लेक न्हाणीघरात शिरली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पस्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला उसवलेली शिवण लांबूनही दिसते. आपलं काही खरं नाही, हे आई समजून चुकली.

दुसऱ्याच दिवशी तिनं गिऱ्हाइकांच्या मापांची वही लेकीपुढे ठेवली.

“हे शिकून घे. पुढे दुकान तुलाच बघायचंय.”

“बघू,” लेक म्हणाली. घरात ती मास्क लावत नसे. “आधी तू शिक.”

तिनं दुकानाच्या दारावर पाटी लावली : ‘मला ऐकू येत नाही. कृपया लिहून सांगा.’ आईला फोनवर निरोप टाइप करायला शिकवलं. बँकेत एकटीला पाठवलं. औषधं आणायलाही एकटीलाच.

“तिथे सगळे दरोडेखोरांसारखे तोंड झाकून उभे. मला काय कळणार?” आई कुरकुरली. “या वयात कशाला डोक्याला ताप?”

“शिक म्हणते ना!”

पोरगी माझा जीव रमवतेय, असं आईला वाटलं. या धावपळीत ती स्वतः किती वाळली होती! बाही बेतायला बसवावं, तर कात्री हातात धरून नुसती आईकडे बघत राहायची.

पंधराव्या दिवशी आई एकटीच दवाखान्यात गेली. घरून लिहून आणलेला कागद तिनं टेबलावर ठेवला. ‘मुलगी माझ्यापासून लपवतेय. मी घाबरणार नाही. माझे किती दिवस उरलेत, खरं सांगा.’

डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. मग त्या उठल्या, आईला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, चार हात लांब उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्क खाली केला.

आईनं त्यांच्या ओठांवर नजर रोखली. त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

“तुम्ही ठणठणीत आहात. त्या दिवशी मी मुलीच्या रिपोर्टबद्दल बोलत होते. ती अजून मोठ्या इस्पितळात का गेली नाही?”