डावा कोपरा

निवृत्तीला आठ महिने उरले असताना कंपनीनं कुलथ्यांना सीएफडी शिकायला बसवलं, म्हणजे खोलीतली हवा कुठून कुठे वाहते ते संगणकावर पाहायचं. शिकवणारी मृण्मयी त्यांच्या मुलीच्या वयाची. "काका, सरावाला तुम्हाला पाठ असलेली जागा घ्या," ती म्हणाली. कुलथ्यांनी कारखान्यातलं जुनं पेंट शॉप, म्हणजे पार्ट रंगवायची खोली, घेतलं. रंगाची वाफ ओढणाऱ्या तिथल्या डक्टचं ड्रॉइंग त्यांनीच ऐन तिशीत हातानं काढलं होतं.

दुपारी पडद्यावर हवेच्या रेघा उमटल्या. खिडकीतून आत, डक्टमधून बाहेर. कुलथे मनातून सुखावले.

"ही हवा मात्र बाहेर जातच नाही," मृण्मयीनं डावा कोपरा दाखवला. तिथल्या रेघा जागच्या जागी गरगरत होत्या. "इथे काय होतं, काका?"

कुलथ्यांनी चष्मा काढला.

"तुळशीरामचं स्टूल. वीस वर्षं तिथे बसून पार्ट रंगवायचा. खोकायचा फार. मी सारखा मागे लागायचो, विडी सोड म्हणून."

"मग सोडली त्यांनी?"

"सोडली की. माझ्या शब्दाखातर. खोकला तेवढा राहिला."