दोन वर्षांचे हप्ते

चित्रांच्या दुकानात काकूंनी एक छोटं, परवडणारं चित्र निवडलं. काका मात्र डोंगरातल्या वळणदार रस्त्याच्या मोठ्या चित्रासमोरून हलेनात. निवृत्त बसड्रायव्हरच ते! किंमत चौपट होती.

“अहो, आपली ऐपत ती केवढी!”

“हप्त्यांनी घेऊ. दोन वर्षांत फिटेल. पुढच्या उन्हाळ्यात भिंतीला रंग काढू, म्हणजे उठून दिसेल.”

काकूंनी पर्स उघडली. त्यांचे डोळे भरून आलेले पाहून दुकानदार ओशाळला.

“काकू, थोडी किंमत कमी करू का?”

“नको हो,” काकू डोळे पुसत हसल्या. “ऑपरेशन झाल्यापासून हे स्वतःसाठी साधी नवी चप्पल घेऊ देत नव्हते. ‘आता कितीसे दिवस वापरणार’ म्हणायचे.”