वाडीची नथ

नथीत मोती नऊ, लाल खडा एक, सोन्याची तार एक. कुडपणच्या वाडीतली प्रत्येक नवरी येसूबाईची हीच नथ घाली. खडा सैल झाला म्हणून येसूबाई आणि शेजारीण रखमा ती महाडला घेऊन आल्या. दत्तोपंत सोनारांनी तोलली, तर घडवतानाच्या वजनापेक्षा एक गुंज कमी भरली.

"शेवटी तुझ्या तुळसानंच घातली व्हती ना गो, रखमे?" येसूबाई म्हणाली.

"देवाशपथ, आमी काय काढलं नाय!"

दत्तोपंतांनी भिंग लावलं. "मोती, खडा मूळचेच आहेत. तार नाकात जाते तेवढीच झिजली आहे. आजवर किती जणींनी घातली?"

येसूबाईने बोटांवर मोजलं आणि नथ रखमाच्या ओटीत टाकली. "धाकटीचं लगीन होईस्तवर तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

एकतीस लग्नांत सोनं झिजलं होतं एक गुंज.