शिशाची फौज

ठेव मोडणे हा अपराध आहे, मग ती सोन्याची असो वा शब्दांची. ती मोडून एखाद्या मरणोन्मुख जीवाला समाधान लाभले, तरी मोडणाऱ्याचा अपराध पुसला जात नाही. चिमाजीला हे कळत होते. कळत असूनही तो कढईत शिसे वितळवीत होता, आणि ते शिसे दाजीशास्त्र्यांचे होते.

चिमाजी नाशकातल्या एका जुन्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवीत असे. चौऱ्याऐंशी साली छापखाना बंद झाला. खिळे भंगारात गेले. उरली ती शास्त्रीबुवांच्या भाष्याची जुळवलेली पाने. तीस वर्षांच्या चिंतनाची अवघी वीस पाने. हस्तलिखित पुरात गेले होते. शिशात बांधलेली ही अक्षरे, एवढाच आता ग्रंथ होता.

"छापायचा योग येईल तेव्हा येईल," शास्त्रीबुवा म्हणाले होते. "तोवर तुझ्या हवाली."

चिमाजीने प्रत्येक पान दोऱ्याने आवळून, कागदात गुंडाळून घरच्या फळीवर रचले. फक्त वरचे, पहिले पान उघडे ठेवले.

फावल्या वेळी तो घरी आणलेले थोडे झिजलेले खिळे वितळवून त्यांच्या बाहुल्या ओतीत असे. ही गोष्ट कुणीतरी देवळालीच्या बाजूच्या छातीच्या रुग्णालयापर्यंत पोचवली. श्रावणात तिथल्या परिचारिका लताबाई आल्या. त्यांनी लाल रुमालाची गाठ सोडून शिशाच्या बोटभर उंचीच्या तीन आकृती काढल्या. लांब नाके, फेंगडे पाय, हातांत कोयते.

"यांना गॉब्लिन म्हणतात. विलायती भुतं," लताबाई म्हणाल्या. "आमचे अकरा नंबरच्या खाटेवरचे पेशंट तिकडं शिकायला होते, तेव्हा टेबलावर यांच्या लढाया खेळायचे. फासे टाकून. आता हात थरथरतात, म्हणून मुठीएवढे मोठे हवेत. साठ. आणि एकासारखा दुसरा नको."

"लढणार कुणाशी?"

"शेजारच्या खाटेवर इगतपुरीचा गेणू आहे, रेल्वेतला. बाटल्यांच्या बुचांचं सैन्य मांडून बसलाय. म्हणतो, भुतं लवकर पाठवा, नाहीतर माझे शिपाई पेन्शनीत जातील."

चिमाजी हसला. "एवढी घाई कशाला?"

"डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत सांगितलंय," त्या हळूच म्हणाल्या. रुमाल तिथेच राहिला. चिमाजीने तो खुंटीला अडकवला.

त्याने मेणाचे गॉब्लिन घडवले, त्यांवरून प्लास्टरचे साचे केले. ओतलेल्या आकृतींवर मग कानस चाले. एकाचा हात कापून दुसऱ्याला डाग देऊन जोडला, एकाचा कान फाडला, एकाच्या पाठीवर पोक चढवले. पण घरातले झिजलेले खिळे दोन आकृतींतच संपले. बाजारचे शिसे खिळ्यांच्या शिशापेक्षा मऊ होते, त्यात नाकाचे टोक उतरेना. आठवडाभर तो धडपडला. शेवटी त्याने रचलेल्या पानांतले सर्वांत खालचे पान काढले आणि त्याच्या मापाचे लाकूड कागदात गुंडाळून तिथे सरकवले.

एका पानातून तीन गॉब्लिन उतरत.

शास्त्रीबुवा दर एकादशीला येत. त्यांची दृष्टी मंदावली होती. ते रचलेल्या पानांना बाजूने तळवा लावीत, वरच्या पानावरून बोटे फिरवीत आणि विचारीत, "काम कुठवर आलं?"

"अशुद्धं काढतोय, बुवा. थोडं राहिलं," चिमाजी म्हणे.

"धूर छातीत घेऊ नकोस. दार उघडं ठेवत जा."

चिमाजी चपापे. वासावरून कळले असेल, अशी तो स्वतःची समजूत घाली.

लताबाई येत, भरलेली पिशवी घेऊन जात. "गेणू म्हणतो, ही भुतं माझ्या मेव्हण्यांपेक्षा देखणी आहेत," त्यांनी एकदा सांगितले. मग पिशवी उचलत म्हणाल्या, "अकरा नंबर परवा हसले. खोकला न येता हसले."

दिवाळीआधीच्या एकादशीला एकोणसाठ गॉब्लिन पोचले होते. साठावा, फौजेचा नायक, तेवढा राहिला होता. साचा तयार होता, शेगडी पेटलेली होती. फळीवर एकोणीस लाकडे होती आणि त्यांवर पहिले पान. त्याला हात लावण्याचे धैर्य चिमाजीला होईना.

शास्त्रीबुवा आत आले. चिमाजीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"बुवा, मी तुमचा ग्रंथ वितळवला. खाली नुसती लाकडं आहेत."

"ठाऊक आहे. लाकूड शिशाइतकं थंड लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मी स्वतः हे कढईत घालायला सांगितलं असतं, तर तू घातलं असतंस का?"

शास्त्रीबुवांनी फळीवरचे पान चाचपून उचलले, दोऱ्याची गाठ सोडली आणि अक्षरे कढईत लोटली. ती एकेक करून वितळताना ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते.

नायक निवेपर्यंत ते बसून राहिले. मग उठून त्यांनी खुंटीवरचा लाल रुमाल घेतला. पोथी बांधावी तसा त्यात नायक बांधला आणि सवयीने गाठ मारली.

"लताबाईंना निरोप पाठवू नकोस. हा मीच नेतो," ते म्हणाले.

उंबऱ्यापाशी ते मागे वळले.

"अकरा नंबर माझा मुलगा आहे, चिमाजी. तुझ्या हातांना सुख लाभो."