खडखडीचं गाणं
अल्बममध्ये पहिलं गाणं कुणाचं, यावरून बँडमध्ये सकाळपासून जुंपली होती. ड्रमरच्या आईच्या शिलाईच्या दुकानात कापड बेतायच्या टेबलावर नऊ गाण्यांच्या नऊ चिठ्ठ्या मांडल्या होत्या आणि गायक आपली चिठ्ठी हळूच वर सरकवत होता. “हे शेवटी टाका,” ड्रमर एका चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला. “यात आईच्या मशीनची खडखड आलीय.” शिवत बसलेल्या काकू ओशाळल्या. “रेकॉर्डिंगच्या दिवशी मशीन थांबवायचं राहूनच गेलं रे.” गायक वरमला. सहा वर्षं इथंच ढणढणाट करून पोरांनी काकूंचे कान किटवले होते, पण त्यांनी एकदाही ‘पुरे’ म्हटलं नव्हतं. त्यानं आपली चिठ्ठी तळाशी ठेवली आणि खडखडीची सगळ्यात वर. “अरे, लोक म्हणतील, बँड आहे की शिलाईचं दुकान?” काकू म्हणाल्या. “म्हणू देत की, काकू. बँड दुकानातच तर जन्मलाय.”