रविवार, दोन ते पाच

किल्लीवाल्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हात पुसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलांच्या फोनवर आईबापांनी लक्ष कसं ठेवायचं, ते एका गिऱ्हाइकाने त्याला सात पायऱ्यांत लिहून दिलं होतं.

"आण तो फोन इकडे," तो मुलीला म्हणाला. "जरा शिस्त लावू त्याला."

अकरा वर्षांची मुलगी स्टुलावर बसून कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत होती. महिन्यातून दोन रविवार ती बापाकडे यायची, दोन ते पाच. फोन तिला आईने गेल्या महिन्यात घेऊन दिला होता.

बाप म्हणून काहीतरी करायला मिळावं यासाठी त्याचे हात नुसते शिवशिवत होते. वह्यांना कव्हरं घालणं, सायकलची चेन बसवणं, आजारपणं काढणं, सगळं आता तिकडेच व्हायचं. फोनचं तरी अजून कुणाच्या लक्षात आलं नसेल, असं तो धरून चालला होता. निम्म्या गावाची अडलेली कुलपं उघडलेला माणूस तो, एवढ्याशा फोनपुढे काय हात टेकणार?

तिसऱ्या पायरीवर गाडं अडलं. पडद्यावर ओळ आली: हा फोन दुसऱ्या पालकाच्या देखरेखीखाली आहे.

त्याने चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"ते काकांनी केलंय," मुलगी म्हणाली. काका म्हणजे तिच्या आईचा आताचा नवरा. "पहिल्याच दिवशी. खोक्यातून काढला ना, तेव्हाच."

"सगळं?"

"सगळं. रात्री नऊला बंद होतो. अभ्यासाच्या वेळी गाणी लागत नाहीत. आणि यादीत आहेत त्यांचेच फोन वाजतात." तिने यादी उघडून दाखवली. आई, कधीही. काका, कधीही. शाळा, आठ ते दोन. चित्रकलेच्या बाई, सहा ते सात. आजी, म्हणजे काकांची आई, सकाळी.

काम चोख होतं. खोट काढायला जागाच नव्हती, आणि तेच त्याला झोंबलं. खाली आणखी काही असेल म्हणून त्याने बोटाने यादी वर सरकवून पाहिली. ती तिथेच संपत होती.

"म्हणजे माझा फोन तुला वाजतच नाही?"

"तुम्ही करता?" हल्ली ती त्याला अहो-जाहो करायला लागली होती.

"रोज. साडेआठला."

मुलीने जुडगा खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला काम असतं."

महिनाभर तो रोज रिंग ऐकत बसला होता. रुसली असेल, खेळत असेल, उद्या उचलेल, अशी स्वतःची समजूत घालत होता. आणि तिकडे पोरगी बाप कामात असेल असं धरून मोकळी झाली होती.

"परवानगी मागता येते," ती म्हणाली आणि भराभर लिहू लागली. नंबर. नाव, बाबा. मग तिचं बोट थांबलं. "इथे कारण विचारतात. काय लिहू?"

बापाला पोरीशी कशासाठी बोलायचं असतं, असं आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"खुशाली," तो म्हणाला. "लिही, खुशाली."

उत्तर येईपर्यंत काहीतरी करायचं म्हणून त्याने एक किल्ली शिकंज्यात अडकवली आणि कानस घेतली. डोळा सारखा फोनकडे होता. घासता घासता दोन दाते पार गुळगुळीत झाले. किल्ली वाया गेली. असं त्याच्या हातून उमेदवारीच्या काळानंतर घडलं नव्हतं.

पावणेपाचला फोन टुणकन वाजला. "मंजूर," मुलगी हसत म्हणाली. त्याने कानस टाकली आणि फोन हातात घेतला.

बाबा, रविवार, दोन ते पाच. खाली काकांनी लिहिलं होतं: ठरलेल्या वेळेप्रमाणे ठेवलं आहे. काही अडचण असल्यास आईला सांगणे.

त्यात वावगा शब्द एकही नव्हता.

"पण तेव्हा तर मी इथेच असते," मुलगी म्हणाली.

"हो."

"आईला सांगू?"

"सांग," तो म्हणाला. सांगून काय होणार, ते दोघांनाही माहीत होतं.

मग तो उठला, मशीनच्या मागे जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या जुन्या फोनवरून तिचा नंबर लावला. काउंटरवरचा फोन वाजू लागला. त्याची धून तो पहिल्यांदाच ऐकत होता. मुलीने ती थोडी वाजू दिली, मग उचलला.

"हॅलो."

"जेवलीस का?" त्याने विचारलं. महिनाभर रोज साडेआठला तो हेच विचारायचं ठरवत होता.

"जेवले." ती त्याच्याकडे पाठ करून बसली. "तू जेवलास?"

"आत्ताच. शाळेत काय झालं आज?"

"आज रविवार आहे, बाबा."

"मग कालचं सांग."

ती सांगू लागली. उंची वाढली म्हणून तिला मागच्या बाकावर बसवलं होतं. तिथून फळा नीट दिसत नव्हता, पण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तो हं, हं करत होता. "मग काल बाईंनी मला उभं केलं," इथवर ती आली आणि पाच वाजले. फोन आपोआप तुटला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलगी जागची हलली नाही. फोन तिने कानाशी तसाच धरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "ऐकू येतंय का?"