नवं स्टिअरिंग

बाबांची जुनी जीप म्हणजे माझ्या डोक्याला कायमचा ताप. स्टिअरिंग इतकं सैल, की अर्धा फेरा फिरवल्याशिवाय चाकं हलायचीच नाहीत. "विकून टाका" म्हटलं की बाबा भरल्या ताटावरून उठायचे, आणि दुसऱ्या कुणाला चालवायला देतील तर शपथ!

शेवटी वैतागून मीच कामाला लागलो. डोंगरात बाबा कुठे आपटलेच तर निदान जीव वाचावा, म्हणून पुढे भक्कम लोखंडी बंपर लावला, इंजिनखाली जाड पत्रा बसवला. स्टिअरिंगचा बॉक्स, रॉड, सगळं नवंकोरं घातलं. मेकॅनिकच्या नाकदुऱ्या काढण्यात माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, पण जीप आता नुसतं बोट लावलं तरी वळत होती.

रविवारी बाबांच्या हातात किल्ली दिली. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी सवयीनं स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं, आणि जीप थेट खांबावर! खांब आडवा झाला. बंपरवर साधा ओरखडाही नाही.

"अहो बाबा, हजारदा सांगितलं होतं ना, आता जरासंच फिरवायचं म्हणून!"

"मला सांगितलंस रे. या हातांना कुठे कळतंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बाबा शांतपणे खाली उतरले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

 

"उद्या मेकॅनिककडे घेऊन जा. पहिल्यासारखं सैल करून आण."